शाळेची चावी कुणाकडे?

एका वाचक भगिनीचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

"नमस्कार सर. मी गोव्यात नदीकाठच्या एका तालुक्यात मामलेदार आहे. गेल्या जुलैत एका रात्री दोनच्या सुमारास नदीचं पाणी वाड्यांत शिरलं. वीज गेली, मोबाईलचे टॉवर बंद पडले. तलाठी शाळेपाशी पोचले होते, पण चावी मुख्याध्यापकांकडे, आणि कुलूप तोडायला सांगणार कोण? लोक व्हरांड्यात भिजत राहिले. जेसीबीवाला म्हणाला, डिझेलचे पैसे कोण देणार ते लिहून द्या. पंचायत सचिव माझ्या फोनची वाट पाहत होते आणि मी वरच्या कार्यालयाच्या. एक ऐंशीच्या पुढच्या आजी पहाटेपर्यंत माळ्यावर बसून होत्या. कुणाचा जीव गेला नाही, ही देवाची कृपा. नंतर वरिष्ठ म्हणाले, 'ऑफिस फौजेसारखं चालवा.' मी ते मनावर घेतलं. रोज साडेनऊला सगळ्यांना उभं करून हजेरी, तोंडी हुकूम, चुकलं की मेमो. आता कुणी उलट बोलत नाही, पण आपणहून कुणी काही सांगतही नाही. माझे बाबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. एकदा ते डबा द्यायला आले होते, तेव्हा त्यांनी माझी सकाळची बैठक पाहिली. संध्याकाळी एवढंच म्हणाले, 'बाय, फौज अशी नसते.' मग कशी असते, हे काही त्यांना नीट सांगता येईना. पाऊस तोंडावर आलाय. फौजेतलं काय घ्यावं आणि काय घेऊ नये?"

नमस्कार मामलेदारबाई,

आधी बाबांना माझा रामराम सांगा. चार शब्दांत ते खरं तेच बोलले. फौज कशी असते हे सुभेदाराला सांगता येत नाही, कारण ते त्याला कुणी शब्दांत शिकवलेलंच नसतं. रोज करून करून ते अंगात मुरलेलं असतं. मी चोवीस वर्षं पायदळात होतो आणि नंतर सात वर्षं नागरी प्रशासनात आपत्ती व्यवस्थापनाचं काम केलं. त्यांचं वाक्य जमेल तसं पुरं करून बघतो.

लोकांना फौज दिसते ती परेड ग्राउंडवर. एक आवाज आणि शंभर पावलं. तुम्ही तेवढंच उचललंत, आणि त्यात तुमचा दोष नाही, तुमच्या वरिष्ठांनाही तेवढंच दिसलं असणार. पण बाबांची सगळी नोकरी जिच्यावर उभी होती ती फौज रात्रीच्या गस्तीत असते. आठ-दहा जणांची तुकडी, पुढे एक हवालदार, धुकं, आणि वायरलेसवर नुसती खरखर. कंपनी कमांडर दोन डोंगर पलीकडे. त्या हवालदाराला त्या क्षणी विचारायला कुणी नसतं. तो ठरवतो, आणि सहसा बरोबर ठरवतो, कारण निघण्यापूर्वी त्याला नीट सांगितलेलं असतं की हे काम कशासाठी आहे. तुमच्या तलाठ्याची ती रात्र अगदी अशीच होती. वायरलेस मेलेला, वरिष्ठ लांब, समोर कुलूप. त्याला ते काम कशासाठी आहे हे कुणी सांगितलं होतं का, आणि कुलूप तोडल्यावर आपल्यामागे कोण उभं राहील हे त्याला ठाऊक होतं का? माझ्या लेखी तुमच्या पत्रातली खरी अडचण एवढीच आहे. हजेरीला उशीर होणं ही नव्हे.

फौजेत कामगिरीचा आदेश ठरलेल्या पाच भागांत देतात: परिस्थिती काय, उद्दिष्ट काय, ते कसं गाठायचं, रसद कुठून आणि कोण कुणाच्या हाताखाली. यातलं उद्दिष्ट दोनदा वाचायची रीत आहे. बाकी सगळं विसरलं तरी चालेल, ते विसरून चालणार नाही, म्हणून. मग तुकडीनायकाला ते स्वतःच्या शब्दांत परत सांगायला लावतात. 'समजलं ना?' असं विचारत नाहीत. त्याला 'होय साब' हे एकच उत्तर असतं. 'सांग बघू, काय करणार आहेस' असं विचारतात. त्यानं सांगितलेलं आणि तुम्हाला अभिप्रेत असलेलं यांत फरक निघाला, तर तो तिथंच निघतो, पाण्यात उतरल्यावर नाही.

उद्दिष्ट सांगून पुढचं खालच्यावर सोडायची ही पद्धत पराभवातून आली. १८०६ साली जर्मनीतल्या येना इथं नेपोलियननं प्रशिया या जर्मन राज्याच्या कडक शिस्तीच्या सैन्याचा धुव्वा उडवला. तिथले अधिकारी हुकमाची वाट पाहत राहिले आणि हुकूम येईपर्यंत लढाई संपली होती. पुढच्या काही दशकांत त्याच सैन्यानं आपली पद्धत बदलली: वरच्यानं काय आणि कशासाठी हे सांगायचं, कसं ते खालच्यानं ठरवायचं. आज जगातल्या बहुतेक चांगल्या सैन्यांची हीच रीत आहे. म्हणजे 'फौजेसारखं' म्हणून तुम्ही जी चौकट आणलीत, ती सैन्यानंच मार खाऊन टाकून दिलेली आहे.

तेव्हा या पावसाळ्यासाठी एकच उद्दिष्ट लिहा, दोन ओळींत. उदाहरणार्थ: 'पाणी घराच्या पहिल्या पायरीला लागण्याआधी नदीकाठच्या वाड्यांतली म्हातारी माणसं, आजारी, गरोदर बायका आणि लहान मुलं शाळेत पोचलेली हवीत. कशी पोचवायची ते जागेवरचा माणूस ठरवील.' हे कागदावर छापून तलाठी, पंचायत सचिव, लाईनमन, शाळेचा शिपाई, सगळ्यांच्या खिशात असू द्या.

आता चावी. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण फौजेपेक्षाही जवळचं उदाहरण आपल्या मातीत आहे.

शिवरायांच्या गडांवर एकच किल्लेदार सगळं बघत नसे. हवालदाराकडे गडाचा ताबा आणि दरवाजांच्या किल्ल्या, सरनोबताकडे पहारे आणि शिबंदी, सबनिसाकडे हजेरी आणि हिशेब, कारखानिसाकडे धान्य, दारूगोळा आणि कोठी. याचा एक फायदा सगळे सांगतात: एक माणूस फितूर झाला तरी गड जात नसे. दुसऱ्या फायद्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. वेढा पडला की गडाला राजगडावरून हुकूम येणं शक्यच नव्हतं, आणि तरी कुणाला विचारावं लागत नसे, कारण किल्ली कुणाकडे, कोठी कुणाकडे, पहारा कुणाकडे हे शांततेच्या दिवसांत ठरलेलं असे. १६६६ साली खुद्द महाराज आग्र्याला अडकून पडले. स्वराज्याचा धनी कित्येक महिने जागेवर नव्हता, तरी कारभार थांबला नाही. १६७५ मध्ये महाराजांनी फोंड्याचा किल्ला घेतला, म्हणजे ही व्यवस्था आपल्या गोव्याच्या मातीलाही परकी नाही.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २०१० साली घटना प्रतिसाद प्रणालीची, म्हणजे संकटात कुणी काय करायचं याच्या चौकटीची, मार्गदर्शक तत्त्वं काढली. तुमच्या कपाटात ती असतीलच. त्यांचं मूळ कॅलिफोर्नियात १९७० साली लागलेल्या वणव्यांत आहे. तिथं अनेक खाती एकाच आगीवर धावली आणि एकमेकांची भाषा कुणाला कळेना. या प्रणालीत वर घटना कमांडर, त्याखाली प्रत्यक्ष कारवाई, नियोजन आणि रसद असे तीन विभाग असतात. आपल्या मराठी माणसांना हे समजावताना मी नेहमी म्हणायचो: कारवाई म्हणजे सरनोबत, नियोजन म्हणजे सबनीस, रसद म्हणजे कारखानीस, आणि किल्ल्या ज्याच्याकडे तो हवालदार तुम्ही. एकदा असं सांगितलं की तक्ता भिंतीवर लावावा लागत नाही, लक्षात राहतो. तालुका पातळीवर ही तुकडी मामलेदारानंच चालवायची असते, म्हणजे तुम्ही कुणाची परवानगी मागायची गरजच नाही.

नेमणुका नावानिशी करा, आणि प्रत्येकाला एक जोडीदार द्या. फौजेत कमांडिंग ऑफिसरला टू-आयसी, म्हणजे त्याच्या खालोखालचा अधिकारी, असतो. तो नुसता शोभेला नसतो. गोळी लागली तर पुढे कोण हे आधीच ठरलेलं असतं. तुमच्या बाबतीत गोळी म्हणजे साकव वाहून जाणं, ताप येणं, मूल आजारी पडणं. यात लाजण्यासारखं काही नाही.

पण नेमणुकीनं कुलूप उघडत नाही. कुलूप उघडतं ते लेखी अधिकारानं. आपला सरकारी माणूस भित्रा नसतो, मी त्याला जवळून पाहिलं आहे. पाण्यात तो गळ्यापर्यंत उतरतो. भीती त्याला असते ती नंतरची: ऑडिटची, चौकशीची, 'तुला कुणी सांगितलं होतं?' या प्रश्नाची. ही भीती भाषणानं जात नाही, कागदानं जाते. आणि तो कागद तयार करायची सोय कायद्यात आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ काढा. कलम ६५ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालचं जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, किंवा त्यानं अधिकार दिलेला अधिकारी, मदतकार्यासाठी जागा, वाहन आणि साधनसामग्री ताब्यात घेऊ शकतो. म्हणजे शाळाही आली आणि जेसीबीही आला. त्याचा मोबदला द्यायची तरतूद कलम ६६ मध्ये आहे. डिझेलचे पैसे कोण देणार, याचं उत्तर ते. कलम ५० नुसार प्राधिकरण तातडीच्या खरेदीला मंजुरी देऊ शकतं आणि तेव्हा निविदेची अट लागू होत नाही. अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा दाखला हिशेबाला पुरतो. आणि कलम ७३ प्रामाणिक हेतूनं केलेल्या कामाला संरक्षण देतं.

हे अधिकार पुरात मागायचे नसतात. या आठवड्यात जिल्हाधिकाऱ्यांना भेटा आणि स्वतःच्या नावानं लेखी अधिकार घ्या. मग त्याच्या आधारे तुमच्या सहीचं एक पान प्रत्येक तलाठ्याला द्या: अमुक शाळा, अमुक सभागृह, अमुक जेसीबी, अमुक होडी, माझ्याशी संपर्क झाला नाही तर हे सगळं माझ्या नावानं वापरायचं, कुलूप तोडावं लागलं तर तोडायचं, आणि त्याची जबाबदारी माझी. शेवटचं वाक्य शाईनं, स्वतःच्या हातानं लिहा. शाळेची दुसरी चावी शेजारच्या घरात ठेवायला सांगा. हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि गेल्या जुलैत तेवढ्यानंच भागलं असतं.

एका मुलकी अधिकाऱ्याचं उदाहरण देतो. १९९४ च्या प्लेगनंतर सुरत शहराचं नाव देशभर खराब झालं होतं. पुढच्या वर्षी आलेले पालिका आयुक्त एस. आर. राव यांनी आर्थिक आणि प्रशासकीय अधिकार विभागवार अधिकाऱ्यांना वाटून दिले आणि सगळ्यांना रोज सकाळी रस्त्यावर उतरवलं, स्वतःसकट. थोड्याच काळात सुरतेचं नाव देशातल्या स्वच्छ शहरांत घेतलं जाऊ लागलं. आणि गोव्यातल्या जुन्या माणसांना पोर्तुगालची खबर अजून असते, म्हणून तेही सांगतो: कोविडच्या लसीकरणात तिथं गोंधळ झाला, तेव्हा २०२१ च्या फेब्रुवारीत ते काम गोव्हेया इ मेलू या पाणबुडीवरच्या नौदल अधिकाऱ्याकडे दिलं गेलं. त्यांचा लष्करी गणवेश सगळ्यांच्या डोळ्यांत भरला. पण लसीकरण केंद्रं उभी करण्यात नगरपालिकांचा मोठा हात होता. त्या वर्षीच्या शरद ऋतूपर्यंत तिथं सुमारे ८५ टक्के लोकांचं लसीकरण पूर्ण झालं होतं.

फोनबद्दल थोडक्यात. एका माणसाला साधारण पाच जणांशीच नीट बोलता येतं. हा आकडा सैन्यातही मानतात आणि त्या २०१० च्या तत्त्वांतही आहे. तुम्ही त्या रात्री किती जणांचे फोन घेत होता, ते एकदा आठवून मोजा. तुमच्याशी फक्त तुमचे विभागप्रमुख बोलतील, बाकीचे त्यांच्याशी. दर तासाला एक छोटा अहवाल, ठरलेल्या क्रमानं: पाणी कुठवर, माणसं किती हलवली, काय कमी पडतंय. बातमी नसली तरी 'बदल नाही' असं कळवायचं. शांतता म्हणजे सगळं ठीक आहे असं फौजेत कुणी धरत नाही. टॉवर पडले तर मोटरसायकलवरून चिठ्ठी न्यायला दोन पोरं ठरवून ठेवा, आणि पोलिसांचा वायरलेस कोणत्या चौकीत चालतो ते बघून ठेवा.

आणि शेजारच्याच्या घरात आपला माणूस. दोन तुकड्या शेजारी लढत असल्या तर एकमेकांच्या मुख्यालयात एकेक संपर्क अधिकारी बसवतात. आपल्याकडे तिळारीचं पाणी महाराष्ट्रातल्या धरणातून सुटतं आणि शापोरा नदीकाठच्या साळ, मेणकुरे, इब्रामपूरच्या दारात येतं. २३ जुलै २०२१ च्या पुरात हे सगळ्यांनी भोगलं. तुमची नदी कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण वर कुठे धरण असेल तर जलस्रोत खात्याच्या पत्रावर विसंबू नका. मुसळधार पावसाच्या दिवशी तुमचा एक माणूस तिथल्या कार्यालयात बसलेला असू द्या. त्याच्याकडे एकच काम: दरवाजे उचलायची चर्चा सुरू झाली की लगेच कळवणं. भरतीच्या वेळा भिंतीवर लिहून ठेवा. वरून पाणी आणि खालून भरती एकाच वेळी आली की आपल्या नद्यांना जायला वाट राहत नाही, हे तुमच्या तलाठ्यांना माहीत असेल, पण बाहेरून बदलून आलेल्या अभियंत्याला नसेल.

आता काय घेऊ नये ते.

लोक तुमचे जवान नाहीत. ही एकच गोष्ट मी फार महाग शिकलो. कॅप्टन असताना दुसऱ्या एका राज्यात पुराच्या मदतीला आमची तुकडी गेली होती. एका घरासमोर होडी लावून मी म्हातारबाला सांगितलं, दोन मिनिटांत बाहेर या. तो म्हणाला, गोठ्यात म्हैस आहे. मी म्हणालो, म्हैस राहू द्या, हा हुकूम आहे. तो आला. माझ्या आवाजाला घाबरून आला. आम्ही त्याला छावणीत सोडलं, मी वहीत एक घर पूर्ण झाल्याची खूण केली. पहाटे कळलं की रात्री तो कुणाला न सांगता म्हशीचं दावं सोडायला परत पाण्यातून गेला. तो वाचला, झाडाला धरून राहिला होता. मी मात्र त्या दिवसापासून बदललो. माझ्या प्लाटूनमधल्या प्रत्येकानं आपणहून सही केलेली होती, म्हणून माझा हुकूम त्यांच्यावर चालत होता. त्या म्हातारबानं कशावरही सही केली नव्हती. त्याला माझ्या हुकमाची गरज नव्हती. दावं कोण सोडणार, याचं उत्तर त्याला हवं होतं.

तुमच्या वाड्यांतही कुणाला गाय असेल, कुणाला देव्हारा सोडवत नसेल, कुणी चवथीसाठी नवीन माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधून ठेवलेली असेल. ती यादी आत्ताच करा. गुरं उंचवट्यावर कुठं बांधायची हे ठरलेलं असलं की माणसं हलतात. २००५ साली कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लीन्समध्ये जनरल रसेल ऑनरे आले तेव्हा रस्त्यावरच्या सैनिकांना त्यांनी आधी बंदुका खाली करायला लावल्या. समोर संकटात सापडलेली आपली माणसं होती, शत्रू नव्हता, आणि हे ओरडून सांगावं लागलं ते एका लष्करी अधिकाऱ्याला.

आणि गावात जे जाणकार आधीच आहेत त्यांना रांगेत उभं करू नका, त्यांच्याकडे जा. खाडीकाठच्या खाजन शेतीच्या बांधावरचा मानशेकार भरती-ओहोटीबरोबर मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणवाटेची, दारं सांभाळत आलेला असतो. पाणी कुठून फुटेल हे त्याला तुमच्या नकाशापेक्षा आधी कळतं. पहाटे दारोदार पाव विकत जाणाऱ्या पोदेराला कुठल्या घरात कोण एकटं राहतं ते ठाऊक असतं. होडीवाल्यांना पाण्याला कुठे ओढ आहे ते समजतं. २०१८ च्या पुरात केरळात मच्छीमारांनी आपल्या होड्या ट्रकवर घालून आणल्या आणि हजारो माणसं बाहेर काढली. कुठल्याही परेडवर न आलेली माणसं होती ती. त्यांना मान द्या, इंधनाचे पैसे वेळेवर द्या आणि काम झाल्यावर नावानिशी आभार माना.

खुद्द सैन्य बोलवायची वेळ आली तर तेही लक्षात असू द्या: मुलकी प्रशासनाच्या मदतीला आलेली तुकडी आपला कमांडर ठेवते, पण कुठं जायचं आणि कशाला प्राधान्य द्यायचं हे तुम्ही सांगायचं असतं. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात वणवे लागले तेव्हा नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकायला आली होती, पण डोंगरावर पायी वन खात्याची माणसं होतीच. तुकडी आली म्हणून खुर्ची सोडून मागे सरू नका.

आता त्या सकाळच्या बैठकीविषयी. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात खुपलेलं वाक्य हे: 'आपणहून कुणी काही सांगतही नाही.' बाई, पुराच्या रात्री तुम्हाला वाचवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे वाईट बातमी लवकर कळणं. मेमोनं तुम्ही नेमकी तीच बंद केलीत.

देहरादूनच्या लष्करी अकादमीत चेटवुड हॉलमध्ये १९३२ सालच्या एका भाषणातले शब्द कोरलेले आहेत. देशाची सुरक्षितता, मान आणि कल्याण नेहमी पहिलं. त्यानंतर तुमच्या हाताखालच्या माणसांचं. आणि तुमची स्वतःची सोय सगळ्यांत शेवटी, प्रत्येक वेळी. लंगरमध्ये अधिकारी शेवटी जेवतो तो यामुळे. बाबांना विचारा, त्यांचा कोणता साहेब त्यांना आजही आठवतो. माझी खात्री आहे, मेमो देणारा नसेल.

आणि फौजेची एक सवय आहे जी आपल्या कार्यालयांत जवळजवळ कुठेच नाही. प्रत्येक सरावानंतर, प्रत्येक कारवाईनंतर सगळे गोल बसतात. अमेरिकी सैन्यानं १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या आपल्या प्रशिक्षण केंद्रात याला रीतसर रूप दिलं, आपल्याकडेही ती पद्धत आहे. काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्ष काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय ठेवायचं आणि काय बदलायचं, एवढंच बोलायचं. त्या तासात हुद्दा दाराबाहेर राहतो, नवखा जवानही सुभेदाराची चूक दाखवू शकतो, आणि त्यात सांगितलेल्या गोष्टीवरून कुणाला शिक्षा होत नाही.

ती जुलैची रात्र तुमच्या कार्यालयात अजून कुणी उघडून बोललेलं नाही, असं मला पत्रावरून वाटतं. येत्या सोमवारी हजेरी घेऊ नका. खुर्च्या गोल मांडा, चहा सांगा, आणि तुम्ही पहिल्या बोला. पत्रात तुम्ही लिहिलंच आहे की त्या रात्री तुम्ही वरच्या फोनची वाट पाहत बसलात. तेच, तसंच, त्यांच्यासमोर म्हणा. जड जाईल. पण वरिष्ठानं आपली चूक आधी सांगितल्याशिवाय खालचा माणूस तोंड उघडत नाही, हे मी दोन्ही सेवांत पाहिलं. मग तलाठ्यांना विचारा की कुलपासमोर उभं असताना त्यांच्या मनात काय चाललं होतं. मध्ये बोलू नका.

यात एक भेद ठेवायला हवा. रात्री ड्युटीवर असून जो जागेवरच नव्हता, त्याला मेमो द्या, जरूर द्या. पण जो जागेवर होता, ज्यानं विचार करून निर्णय घेतला आणि तो चुकला, त्याला कधीही नाही. हा भेद एकदा लोकांना दिसला की शिस्त आपोआप येते. आणि गेल्या सहा महिन्यांत दिलेल्या मेमोंपैकी जे नुसत्या उशिरापायी दिलेत ते परत घ्या. मान कमी होणार नाही.

विश्रांतीचंही ठरवून टाका. बारा तासांनी माणूस बदलायचा, तुमच्यासकट. तीस तास जागा असलेला अधिकारी शूर दिसतो, पण चुकीच्या वाडीला होडी पाठवतो.

राहिला सराव. कामगिरीपूर्वी आम्ही जमिनीवर वाळूचा नकाशा करतो. डोंगर, नाला, वाट, सगळं मातीत. तुम्ही पंचायतीच्या अंगणात करा. निळ्या रांगोळीनं नदी काढा, चिऱ्याचे तुकडे घरं म्हणून मांडा, शाळा, देऊळ, चॅपल, साकव दाखवा. गावातल्या जुन्या माणसांना बोलवा आणि त्यांना नकाशा दुरुस्त करू द्या. ते करतीलच, चिरे उचलून इकडचे तिकडे ठेवतील. मग एका रात्री, पहिला मोठा पाऊस पडायच्या आधी, सगळ्यांचे फोन एका टोपलीत ठेवून दोन वाजता सराव घ्या. तुम्ही स्वतः त्या रात्री हजर राहू नका. तुमच्यावाचून शाळा किती मिनिटांत उघडली तेवढं घड्याळ लावून मोजायला सांगा. बाबांना निरीक्षक म्हणून पाठवा. ते आनंदानं जातील आणि त्यांना जे शब्दांत सांगता येत नव्हतं ते बोट ठेवून दाखवतील.

आणि सरावाच्या आधी एकदा त्या माळ्यावरच्या आजींकडे जाऊन या. गाडी लांब ठेवा, चालत जा. पाणी आधी कुठून आलं, अंगणातून की मागच्या परसातून, पायरीला लागलं तेव्हा कुठला आवाज आला, आणि तेव्हापासून आत शिरेपर्यंत किती वेळ गेला, हे त्यांना विचारा. त्यांच्याइतकं बारकाईनं ते कुणीच पाहिलेलं नाही. त्या सांगतील तो वेळ तुमच्या दोन ओळींच्या उद्दिष्टाखाली लिहून ठेवा. तुमच्या तलाठ्याच्या हातात तेवढीच मिनिटं आहेत.